काचेवरची फुलं

दौलतच्या डोळ्यांविषयी ठाकूरद्वारच्या त्या घरात दुमत उरलं नव्हतं. दोष डोळ्यांतच. सहा दिवसांपूर्वी सँडहर्स्ट रोडवर, साडेपाचच्या उन्हात, त्यानं गाडी एका हातगाडीला घासली होती. कैऱ्यांची एक टोपली कलंडली, कुणाला खरचटलंही नाही. पण मागे बसलेल्या मालकांना, शरदचंद्रांना, ती हातगाडी बाजूच्या खिडकीतून आधीच दिसली होती आणि दौलतला नाही.

शरदचंद्र आवाज चढवणारे गृहस्थ नव्हते. घरी उतरताना त्यांनी शांतपणे सांगितलं, की बावन्न म्हणजे काही लहान वय नाही. डोळ्यांचं काय ते महिनाअखेरपर्यंत बघावं, नाहीतर एक तारखेपासून ते दुसरा माणूस ठेवतील. त्या घरची गाडी सव्वीस वर्षं चालवलेल्या माणसाला एवढं पुरे होतं.

पण नशिबाला बोल लावत बसणं दौलतच्या स्वभावात नव्हतं. डोळे बिघडले असतील तर ते सावलीतही बिघडलेले असायला हवेत, असा त्याचा सरळ विचार. लालबागच्या खोलीत बायकोची, शांताची, सुई त्यानं पहिल्याच झटक्यात ओवली. फणसवाडीच्या नाक्यावर उभं राहून, एकेक डोळा झाकून, समोरच्या दुकानांच्या पाट्या पार खालच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचल्या.

"तुमचे डोळे घारीचे," शांता म्हणाली. "काय ता दुसरीकडे शोधा."

मग त्यानं ऊन तपासायला घेतलं. संध्याकाळी माझगावच्या कचेरीतून साहेबांना घेऊन निघालं की गाडीचं तोंड पश्चिमेला आणि सूर्य थेट समोर. काचेच्या वरची उन्हाची झडप खाली ओढली की सूर्य झाकला जायचा. तरी काचेवर पातळ ताक सांडल्यासारखं पांढुरकं काहीतरी उरायचंच. त्यानं काच आतून-बाहेरून धुतली, वर्तमानपत्रानं कोरडी केली. फरक पडला नाही.

ऊन तपासण्याच्या चौथ्या दिवशी गाडी एका मालट्रकमागे अडकली. ट्रकवर काळी ताडपत्री होती आणि त्या काळ्यावर, हवेत टांगल्यासारखी, जाईची पांढरी फुलं. ओळीनं. दौलतनं डोकं हलवलं, फुलंही हलली. त्यानं डोक्यावरची काळी टोपी काढून काचेखालच्या फळीवर ठेवली. मधली चार फुलं नाहीशी झाली आणि तेवढ्याच जागेतून ताडपत्रीची शिवणसुद्धा दिसू लागली.

पाडव्याला नवी लँडमास्टर गाडी घरी आली, तेव्हा शरदचंद्रांच्या पत्नीनं, सुनंदाबाईंनी, तिची पूजा केली होती. फळीवर पितळी गणपती बसवून त्याच्याखाली स्वतः विणलेला, जाईच्या फुलांचा क्रोशाचा शुभ्र रुमाल अंथरला होता, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. जुन्या गाडीची काच उभी होती, हिची कललेली. रुमालावर पडलेलं ऊन उलटून काचेत जात होतं आणि काचेतून दौलतच्या डोळ्यांत.

कारण सापडलं, पण पंचाईत वाढली. मालकिणीच्या हातच्या कामानं आपल्याला दिसत नाही, हे ड्रायव्हरनं कुठल्या तोंडानं सांगायचं? सबबच वाटली असती. दौलतनं जुन्या छत्रीचं काळं कापड कापलं, शांताकडून त्याच्या कडा दुमडून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गणपतीच्या भोवतीनं रुमालावर पसरलं. शरदचंद्रांनी बसताना ते पाहिलं आणि भुवया चढवल्या.

त्या वर्षी मुंबईत काळं कापड हे साधं कापड राहिलं नव्हतं. संयुक्त महाराष्ट्रासाठी नाक्यानाक्यावर सभा चालल्या होत्या आणि मंत्री दिसला की काळी निशाणं वर निघत. त्या संध्याकाळी एक मंत्री गिरगावात यायचे होते, हे दौलतच्या ध्यानीमनी नव्हतं. सँडहर्स्ट रोडवर हवालदारानं हात आडवा केला, आत वाकून पाहिलं आणि हे निशाण कुणासाठी ठेवलंय म्हणून विचारलं. मागून शरदचंद्रांनी घाईघाईनं कापड काढून टाकायला सांगितलं.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच दौलतनं साहेबांचा शब्द थोपवला. "काढतो, साहेब. आधी हवालदारांना बघू दे." तो उतरला आणि दार धरून उभा राहिला. "बसा हितं. त्या इमारतीच्या सावलीत तुमचा शिपाई दिसतो?"

"तो आमचो बाबू. दिसणार नाय तर काय?"

दौलतनं हात घालून कापड ओढून घेतलं. "आता?"

हवालदार पुढे झुकला, मागे झाला, डोळे किलकिले केले. "गेलो खंय तो?"

त्यानं कापड पुन्हा अंथरायला लावलं, पुन्हा काढायला लावलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. तेव्हा शरदचंद्र उतरले, हवालदाराला त्यांनी अदबीनं सरकायला सांगितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंगमागे बसले. कापड त्यांनी स्वतःच्या हातानं ठेवलं, उचललं, ठेवलं.

"हातगाडी सावलीत होती?"

"होय, साहेब."

"मग बोलला का नाहीस?"

दौलतनं रुमालाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं, आणि ते मागच्या सीटवर जाऊन बसले. गाडी सोडताना हवालदारानं बजावलं, की कापड फळीवर आहे तोवर कापड. काठीला लागलं की चौकीवर.

महिना पालटला. एक तारखेला सकाळी नऊला दौलतनंच गाडी दाराशी लावली. फळीवर आता क्रोशाचा नवा रुमाल होता, काळ्या दोऱ्याचा. गणपतीला मात्र काळं चालायचं नाही, म्हणून सुनंदाबाईंनी त्याच्यापुरता चार बोटं पांढरा तुकडा मध्ये विणला होता. त्याचं एकच फूल काचेत, डावीकडे खाली उमटायचं. दौलतनं मान इकडेतिकडे करून पाहिलं. रस्ता कुठेच झाकला जात नव्हता. ते त्यानं राहू दिलं.