अम्मींचं नाक

"याला बास येऊ राह्यला," अम्मी म्हणाल्या आणि दोन घोट घेऊन त्यांनी दुधाचा पेला परत केला.

आमचे हे पलंगाजवळ उभे होते. वाळूजच्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून जन्मभर दुसऱ्यांचं काम नापास केलेला माणूस. गेज लावायचं, भुवई वर करायची आणि पार्टवर लाल ठिपका द्यायचा. नूरमोहम्मदचा ठिपका पडला की सुपरवायझरही वाद घालत नसत म्हणे. आता रिटायर झाल्यावर त्यांची स्वतःची आई त्यांना रोज सकाळी नापास करत होती आणि खरं सांगते, सुरुवातीला मला त्याची मजाच वाटली.

"कशाचा वास, अम्मी?"

"लसणाचा. तुझ्या बायकोनं वाटण उघडं ठेवलं आसंल."

ठेवलं होतं. माझी मजा तिथंच संपली.

हिवाळ्यात अम्मी आजारी पडल्या आणि त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. भाकरी नको, खिचडी नको. डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या, पण पोटात काहीतरी जाऊ द्या. अम्मींनी बकरीचं दूध मागितलं. वैजापूरकडच्या गावी लहानपणी प्यायच्या, तसं. त्याच आठवड्यात हे वैजापूरहून टेम्पोत घालून शेळी घेऊन आले आणि बजाजनगरच्या आमच्या रो-हाउसच्या मागं पत्र्याखाली ती बांधली. आमच्या मुलीनं, युसरानं, तिचं नाव चमेली ठेवलं. जवळ जाऊन उभं राहिल्यावर ते नाव कुणालाच पटत नसे.

अम्मींनी एक पेला पूर्ण संपवावा, एवढाच ह्यांना ध्यास. आम्ही कितीही हसलो तरी त्या पेल्यावर त्यांचा जीव तगून आहे, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

"प्रोसेस में कुछ तो गडबड है," हे म्हणाले आणि माझ्या स्वयंपाकघरात कंपनी सुरू झाली. चमेलीची कास कोमट पाण्यानं धुवायची, कोरड्या फडक्यानं पुसायची, पहिल्या धारा सोडून द्यायच्या. दूध लगेच मलमलीतून गाळायचं, तापवायचं आणि भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार होईपर्यंत हलवत बसायचं. मग झाकण लावून थेट फ्रिजमध्ये, मागच्या बाजूला. दारात नाही, दार सारखं उघडतं.

"वरचा कप्पा दुधाचा. तिथं दुसरं काही दिसायला नको," त्यांनी फर्मान काढलं.

"मग माझं आलं-लसूण कुठं ठेवू? डोक्यावर?"

"शिवराजकडं ठेव."

शिवराज आमचा शेजारी. माझं वाटण खरोखरच त्याच्या फ्रिजमध्ये राहायला गेलं आणि फोडणी टाकायची झाली की मी वाटी घेऊन शेजारी जाऊ लागले. त्याची आई, वच्छलाबाई, निम्मं वाटण स्वतःच्या भाजीत घालायची आणि वर "मीठ कमी हाय बरं का रईसा" म्हणून सांगायची.

एवढं करूनही अम्मी काही पास करेनात. पण त्या उगाच नाव ठेवत नव्हत्या. प्लास्टिकच्या बाटलीत ठेवलेलं दूध त्यांनी ओळखलं. भांडं नीट विसळलं नव्हतं, तर साबण ओळखला. एका शुक्रवारी तर पेला तोंडाला लावायच्या आधीच म्हणाल्या, "आज जुम्मा हाय वाटतं. दुधाला अत्तर लावलं का रे, नूरू?"

तेव्हापासून ह्यांनी अत्तर सोडलं. अम्मींनी परत केलेल्या दुधाचा चहा करून करून आमची मात्र झोप उडाली होती.

मग शिवराजनं नवसाचा बोकड आणला. तो कंपाउंडच्या भिंतीपलीकडं बांधलेला, आणि बोकडाचा वास काय असतो हे मी सांगायला नको. एका सकाळी आम्ही पाहतो तर चमेली दावं तोडून, भिंत ओलांडून त्याच्याशेजारी मजेत रवंथ करत बसलेली. ह्यांनी तिला ओढून आणली, धुतली, दूध काढलं. पण ते तापायला लागलं आणि मी ओढणी नाकाला लावली. सगळ्या घरात बोकड फिरत असल्यासारखं वाटत होतं.

"रिजेक्ट. चहालाही घेऊ नको," हे म्हणाले. वास बघण्यासाठी भरलेला पेला ओट्यावर तसाच ठेवून ते शिवराजशी भांडायला गेले. मी अंगणात दावं धुवत होते. युसरा नुकती बाहेरून आली होती, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला ओट्यावर पेला दिसला आणि तिनं तो रोजच्यासारखा आजीला नेऊन दिला.

ओट्यावरचा पेला गायब दिसला तसे आम्ही दोघं धावत खोलीत पोचलो, तेव्हा अम्मी शेवटचा घोट घेत होत्या. त्यांनी तोंड पुसलं.

"आज जमलं तुला, नूरू. कायबी बास नाय."

"अब्बा, पास झाला तुम्ही," युसरा म्हणाली.

पेल्याचा वास मला दारापर्यंत येत होता. ह्यांनी तो हातात घेतला.

"नीट बघितलं ना, अम्मी?"

"बघितलं की. चांगलं हाय."

ज्या नाकानं आम्हाला इतके दिवस सळो की पळो करून सोडलं होतं, ते गेलं होतं. आणि अम्मींना स्वतःला ते माहीतच नव्हतं.

त्यानंतर त्या रोज अख्खा पेला घेऊ लागल्या. डॉक्टर खूश झाले. दूध पोटात जात होतं, आम्हाला तेच तर हवं होतं. तरी ह्यांनी काहीच सैल केलं नाही. तीच मलमल, तेच बर्फाचं पाणी. मी वाटण परत आणू का विचारलं, तर म्हणाले, "नको. राहू दे तिकडंच."

काल सकाळचं दूध मी स्वतः चाखलं होतं. त्यात काहीच खोट नव्हती. अम्मींनी ते मुकाट्यानं संपवलं आणि रिकामा पेला पुढं केला. हे तिथंच उभे राहिले.

"अम्मी, आज थोडा वास होता त्याला," ते म्हणाले. "लसणाचा."

अम्मींनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. पेल्याकडंही पाहिलं.

"व्हय, व्हता जरासा," त्या म्हणाल्या. "उद्या ध्यान दे."

"देतो," हे म्हणाले आणि पेला विसळायला घेऊन गेले.