चौथ्या घरातली टिकली

मी गिटार बोलतेय. उभी करू नका मला, आडवीच बरी. कंबर गेलीय.

माझा पहिला मालक प्रीतम, डोंबिवलीचा. तीन महिने वाजवलं, मग त्याचं लग्न ठरलं आणि मी गेले कपाटावर. चार वर्षं झोपले. काय सुख होतं. मग त्याने मला मामेबहिणीला दिलं, कळव्याच्या श्रियाला. संपली झोप.

श्रियाला हळदीत वाजवणाऱ्या बँडमधे शिरायचं होतं. नवरीच्या एन्ट्रीला त्यांना अरबी सूर लागतात. म्हणाले, रविवारी माजिवड्याला ये, अरबी स्केल वाजवून दाखव, मग बघू. पोरगी मोबाईलमधे बघून दिवसभर घासायची. माझ्या मानेवरच्या पट्ट्यांमधलं पहिलं घर, मग मधली दोन सोडून थेट चौथं. सगळं अरबीपण त्या उडीतच. पण बोट तिथं पडेना. मी पण कमी नाही. कंटाळा आला की खुंटी सैल सोडायची, तार उतरवायची. बस लावत.

शेवटी तिच्या आजीने, मालनबाईंनी, तिला विचारून विचारून माझ्या मानेवर बोट पडायच्या घरांत लाल टिकल्या लावल्या. या वयात नवरी केली मला.

"आजी, हे अरबी आहे, माहितीय?"

"कसलं अरबी गं? आमच्या सकाळच्या भजनात गणू पेटीवर हेच वाजवतो. तू लोळत असतेस तेव्हा."

रविवारी निघताना मालनबाईंनी मला पुसलं. चौथ्या घरातली टिकली निघाली. बाईंनी ती तिसऱ्यात लावली. मधे एवढी जागा मोकळी, त्यांना बघवेना.

माजिवड्याला श्रियाने टिकली बघून बोट ठेवलं. रडका सूर निघाला. बँडचा सुमित म्हणाला, "मॅडम, हळद आहे, तेरावा नाय." सगळे हसले. तिने परत वाजवलं. परत तेच.

तार सोडली असती तर माझी सुटका होती. मनात आलंही तसं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात पोरीने डोळे मिटले. नाकातल्या नाकात आजीचं भजन गुणगुणली आणि बोट टिकली सोडून एक घर पुढे सरकलं. बसला सूर. मी दातओठ खाऊन तार धरून ठेवली.

"शनिवारी हळद आहे, ये," सुमित म्हणाला.

आता महिन्याला सात हळदी. अंगभर पिवळे डाग, कान बधिर. दमलेय गं, श्रिया. एक मंगळवार मला हात लावू नकोस. बुधवारी विसरलीस तर मात्र बघ.