आमच्याकडे माल धरतो

आमच्या मोठ्याला जिभेचा भारी आळस. तोंडात एकच शब्द ठेवलाय आणि त्याच्यावर सगळा संसार रेटतो. सेट.

फोनवर गजर सेट करतो, तो वाजतो आणि साहेब झोपून राहतात. उठले की आरशासमोर केस सेट करतात. कुणाशी भेट सेट करतात आणि भेटून आले की त्या माणसालाच सेट केलं म्हणतात. भाचीचं लग्न जमलं तर ते सेट, मेव्हणा नोकरीला लागला तर तोही सेट, शेजाऱ्याच्या मनगटाचं हाड डॉक्टरने बसवलं तर तेसुद्धा सेट. मी एकदा विचारलं की बाबा रे, एवढ्या गावाला पुरणारा शब्द तू आणलास कुठून? तर म्हणे, आई, इंग्रजीत त्याचे शेकडो अर्थ आहेत, डिक्शनरीत पानंच्या पानं भरलीत. मी म्हटलं, असतील. एकच सदरा लग्नाला, कामाला आणि झोपायला घालणाऱ्याला मी काही श्रीमंत म्हणत नाही.

मी चौथी शिकले. तरी घड्याळ लावतात, ताटं मांडतात, लग्न जमवतात आणि सूर्य मावळतो, एवढं मला कळतं. सूनबाई सांगते की त्या भाषेत सूर्याचंसुद्धा तेच करतात. करू देत बापडे. आमच्या कारखान्यात मात्र माल धरतो. सासरे विचारायचे, धरला का गं? मी साच्याला हाताची मागची बाजू लावायची आणि सांगायची, अजून नाही.

कारखाना म्हणजे लांबट पत्र्याची शेड, वर आमच्या राहण्याच्या खोल्या. प्लास्टरची नक्षी ओततो आम्ही, छताला आणि भिंतीच्या कडेला लावायची. सासऱ्यांनी सुरू केलं. माझ्या नवऱ्याला पांढऱ्या धुळीने शिंका यायच्या, म्हणून तो बाहेरची कामं बघायचा आणि आत सासऱ्यांच्या हाताखाली मी. ते दोघेही गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. दाराची किल्ली माझ्या कमरेला आहे आणि ती तिथे शोभते.

काम दिसायला सोपं आहे, म्हणूनच लोक फसतात. बादलीत आधी पाणी घ्यायचं, त्यात पावडर चाळून सोडायची आणि ती आपोआप भिजेपर्यंत हात मागे बांधून उभं राहायचं. मग ढवळायचं आणि साच्यात ओतायचं. थोड्या वेळाने माल घट्ट होतो. नवख्याला वाटतं, झालं. झालेलं काही नसतं. घट्ट झालेला माल तापायला लागतो, आजारी पोराच्या कपाळासारखा. तो तापतो, मग हळूहळू निवतो. निवला की माल धरला म्हणायचा, आणि तेव्हाच साच्यातून काढायचा. या सगळ्याच्या आधी बादली घासायची. जुन्या मालाचा कण जरी तळाला राहिला तरी नवा माल त्याला बघून घाई करतो, हातातच घट्ट होतो. सासरे बादलीत बोट फिरवून बघायचे. बोटाला काही लागलं की पुन्हा घासायला लावायचे, मी सून आहे की कोण हे न बघता.

मोठा शहरातल्या एका कंपनीत होता. कंपनी बंद पडली तसा बायकोला घेऊन घरी आला. मी दार उघडलं, आपलं पोर आहे. पण महिनाभर शेडमध्ये खिशात हात घालून फिरला आणि एक दिवस म्हणाला की, आई, आता तू आराम कर, तुझं सगळं मी सेट केलंय. वर जाऊन बघते तर मागच्या खोलीत नवी आरामखुर्ची, समोर टीव्ही, आणि कोपऱ्यात माझी थापी, माझे कुंचले, माझी चाळण, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं. मेलेल्या माणसाच्या वस्तू ठेवतात तसं.

मी पुडकं उचललं, खाली आले आणि एकेक वस्तू परत खिळ्याला टांगली. सूनबाई साचा पुसत होती. तिने वर पाहिलं नाही, पण हसू दाबताना तिचा खांदा हलला, तो मला दिसला.

त्याच आठवड्यात जुन्या नाट्यगृहाचं काम आलं. छताच्या मधोमध सासऱ्यांनी ओतलेलं एक मोठं फूल आहे, त्याच्या खालीच लोक बसतात. वरून पाणी झिरपून आठ पाकळ्या खाली आल्या होत्या. दैव बरं म्हणून तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या पाकळीचा साचा आमच्याच माळ्यावर, आणि तोही एकच. एका दिवसात एक पाकळी नीट निघते. आठ दिवस ओतायला आणि वर सुकायला आठवडा, म्हणून मी नाट्यगृहाच्या मॅनेजरला पंधरा दिवस सांगितले. आमच्या मोठ्या लेकाने माझ्यासमोर सांगितलं, पुढच्या गुरुवारी घेऊन जा.

मॅनेजरची पाठ वळताच मी त्याला विचारलं, तुला कामातलं कळतं किती? तो म्हणाला, तुझ्या वेळचं वेगळं होतं. मग बराच वेळ बोलत राहिला. नव्या पद्धती, लोकांना थांबायला वेळ नाही, धंदा असा बायकांच्या हट्टावर चालत नाही. या शेवटच्या वाक्यावर माझं डोकं फिरलं. मी कमरेची किल्ली काढून त्याच्या नाकासमोर धरली. म्हटलं, गुरुवारी मी आठही पाकळ्या वाजवून बघणार. आठच्या आठ खणखणीत वाजल्या तर ही तुझी, आणि मी जाऊन बसते तुझ्या खुर्चीत. तोवर शेडमध्ये पाऊल टाकणार नाही.

रागात बोलले. पण बोलले ते बोलले.

म्हणून तो आठवडा मी वर काढला. खुर्ची मऊ होती हे खोटं का सांगू? पण त्या खुर्चीत बसलं की उठताना कुणाचा तरी हात लागतो, आणि तीच तिची खोड. टीव्ही मी लावला नाही. फरशीखाली शेड आहे, माझे कान तिकडेच. पहिल्या दिवशी मोठा मॅनेजरबरोबर जेवायला गेला आणि जाताना बायकोला सांगून गेला की तू एक ओतून ठेव. त्या दिवशी मला बादली घासल्याचा आवाज आला. खर्र खर्र, थांबून, पुन्हा खर्र. मग बराच वेळ काहीच नाही. मी म्हटलं, बरोबर आहे, माल निवतोय.

तो परत आला आणि त्याचा आवाज चढला. एक पाकळी करायला पूर्ण दिवस? मग त्याने बाह्या सरसावल्या. त्यानंतर दोन दिवस मी घासल्याचा आवाज ऐकला नाही. नुसती पाकळ्या साच्यातून सोडवण्याची ठकठक, एकामागून एक, पोळ्या लाटाव्यात तशी. दुपारी सूनबाई मिठाची बरणी न्यायला वर आली. मी विचारलं, खाली स्वयंपाक काढलाय का? ती म्हणाली, "यांनी मागवलंय, पाण्यात टाकायला. पाणीही गरम करायला सांगितलंय." मिठाने आणि गरम पाण्याने माल लवकर धरतो पण कच्चा राहतो, हे सासऱ्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आणि पुन्हा असं करशील तर हात मोडेन हेही सांगितलं होतं. मी सूनबाईकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. मी शब्द दिलेला. ती त्याची बायको. बरणी घेऊन खाली गेली.

रात्र कशी गेली ते लिहीत नाही. एवढंच सांगते की किल्ली उशाशी होती आणि दर वेळी हाताला गार लागत होती.

गुरुवारी मॅनेजर टेम्पो घेऊन आला. मी जिना उतरले. लांब टेबलावर आठ पाकळ्या ओळीने मांडलेल्या, पांढऱ्याशुभ्र, हातभर लांब. दिसायला एकीत दुसरीत फरक नाही. मोठा नवा शर्ट घालून उभा. मला बघून म्हणाला, "बघ आई, सगळं सेट." मॅनेजर खूश होता, एकेका पाकळीवरून हात फिरवत होता.

मी पहिली उचलली, एका टोकाला दोन बोटांत लटकती धरली आणि बोटाच्या पेराने वाजवली. भांड्यावर चमचा लागावा तसा आवाज आला, आणि थोडा वेळ हवेत राहिला. मोठ्याचा चेहरा उजळला. दुसरी वाजवली. थप. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. तिसरी, थप. चौथी वाजवायच्या आधीच मला कळलं होतं, पण मी आठवीपर्यंत गेले, कारण मी वाजवून घेईन म्हटलं होतं.

मॅनेजर म्हणाला, बाई, छताला लावल्यावर कोण वाजवायला जातंय? वीस हात उंच आहे ते. दिसायला झकास आहेत, चालतील.

आता खरं सांगते. त्या क्षणी गप्प बसणं सोपं होतं. तो नेणार होता, मोठ्याची मान ताठ राहणार होती, आणि हरले म्हणून मला वर जायला लागलं असतं तरी घरात वाद मिटला असता. बाईने काय काय मिटवायचं असतं ते मला शिकवायला नको. पण प्रत्येक पाकळीच्या मागे सासऱ्यांपासून चालत आलेला शिक्का होता, ओल्या मालावर दाबायचा तीन बोटांचा ठसा, आणि तो शिक्का घेऊन त्या वीस हात उंचीवर लटकणार होत्या. खाली खुर्च्यांत माणसं. कुणाची तरी आई मान वर करून फूल बघणार.

मी दुसरी पाकळी उलटी केली आणि शिक्क्याच्या शेजारी अंगठ्याचं नख रोवलं. ओल्या बिस्किटासारखा तुकडा निघाला. तो मॅनेजरच्या हातावर ठेवला. म्हटलं, चिमटीत धरा. त्याने धरला, चुरा झाला. मग मी ती पाकळी टेबलाच्या कडेवर आपटली. तिसरी आपटली. मोठा मध्ये आला, "आई, लोकांसमोर तरी..." म्हणाला. मी म्हटलं, बाजूला हो, आणि चौथी आपटली. आठवी फुटली तेव्हा शेडमध्ये धूळ होती आणि मॅनेजर शिंकत होता, अगदी माझ्या नवऱ्यासारखा.

मॅनेजरला सांगितलं की पंधरा दिवस लागतील, आजपासून. नाटक लावायचं तर आठ पाकळ्या नसलेल्या फुलाखाली लावा. नाहीतर दुसरीकडे करून घ्या, पण शिक्का आमचा मिळणार नाही. त्याने हातावरच्या चुऱ्याकडे पाहिलं, टेम्पोवाल्याला परत जायला सांगितलं आणि पंधरा दिवसांनी येतो म्हणाला.

उरलेली पाकळी टेबलावर होती. मी विचारलं, ही कुणी ओतली? मोठा म्हणाला, सगळ्या एकाच साच्यातल्या, एकाच पोत्यातल्या, त्यात काय कुणी ओतली. सूनबाई फडक्याला हात पुसत राहिली. नवऱ्याला खाली बघायला लावायचं नाही, हे तिने ठरवलेलं होतं. तिची दानत मोठी. पण तिची नखं मी पाहिली. बादली घासून घासून झिजलेली, माझी त्या वयात होती तशी.

ती म्हणाली, "आई, निवेपर्यंत थांबले होते. तुम्ही थांबता तसं."

मी किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली. ती घेईना. मी तिची बोटं मिटवली. मोठा काही तरी पुटपुटला, घरातल्या माणसाने घरातल्या माणसाचं नाक असं कापावं का, असं. मी हातावरची धूळ झटकली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण त्याला खाली बघावं लागलं.

"ऐक आता. घाई केलीस, त्याचं मला काही वाटत नाही, तरुणपणी मीही केली. पण माणसांच्या डोक्यावर टांगायची वस्तू तू नखानेसुद्धा दाबून बघितली नाहीस, आणि शिक्का माझ्या सासऱ्यांचा मारलास. किल्ली आता हिच्याकडे. कुणाला कामावर ठेवायचं ते ही ठरवेल. तुला ठेवलंच तर उद्या सकाळी सातला बादली घासायला यायचं, आणि ती मी बोट फिरवून बघणार. आणि ती वरची खुर्ची आजच खाली आणून त्या दारापाशी ठेव. तुझं काम बघायला मला बसायला काहीतरी लागेल."