शेवटून पहिला नंबर

निनादने फ्रीझरमधून मटारची पिशवी काढली आणि टेबलावरच्या खोक्यावर ठेवली. खोकं काड्यापेटीहून जरासंच मोठं, पण तापायचं मात्र मानपानात काही राहून गेलेल्या जावयासारखं.

"आज आईशी तू बोलायचंस," स्पीकरवरून रुचाताई म्हणाली. ती डार्विन शहरातल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. शिफ्ट संपवून गाडीत बसली होती, मागे वायपर घासल्याचा आवाज येत होता.

"आज शोभामावशी आहे."

"काल पण मावशीच होती."

"तिचं स्तोत्र अर्धं राहिलंय, ताई."

तो पिशवी नीट बसवत राहिला. खोकं म्हणजे कॅमेऱ्याला जोडायचा छोटा संगणक; त्याने एका वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये बसून तीन कामं करायची होती. कुणी पडलं तर ओळखायचं, तोंडावर मास्क आहे का बघायचं आणि हॉलमध्ये माणसं किती ते मोजायचं. तीन कामांची तीन न्यूरल नेटवर्क्स, म्हणजे चित्रं बघून ओळखणारे प्रोग्रॅम, आणि मेमरी एका वेळी जेमतेम एकाला पुरेल एवढी. कोणी आधी चालायचं आणि कोणी थांबायचं, हे ठरवायचा निनादला पगार मिळत होता. त्याने पडण्याला पहिला मान दिला, मास्कला दुसरा, मोजणीला शेवटचा. पहिल्या दोघांचं काम संपेचना, मोजणीचा नंबर लागेचना. परिणामी गेला आठवडाभर, चाचणीसाठी हॉलचं चित्रीकरण दाखवूनही, खोक्याच्या मते त्या वृद्धाश्रमात एकही माणूस नव्हता. "मित्रा, सगळे गेले कुठे?" असं त्याच्या ऑफिसातल्या मॅनेजर डेमियनने अगदी हळू आवाजात विचारलं होतं.

पुण्यात आईच्या कोविड वॉर्डातही अशीच मारामार होती. दुपारी डॉक्टरांचा राउंड झाला की मीनाक्षी सिस्टर आईचा फोन तिच्यासमोर धरायच्या, तोही पंधराएक मिनिटं. पहिल्या दिवशी सगळ्या नातेवाइकांनी एकदम फोन केले आणि फोन हँग झाला. कुणाशीच बोलणं झालं नाही. तेव्हा निनादने परदेशात, मॉसन लेक्स उपनगरातल्या आपल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून सगळ्यांचे नंबर लावून दिले. धंदाच तो त्याचा. मोठी माणसं आधी, रडणारी त्यानंतर, आणि सोसायटीचे सेक्रेटरी मधूकाका अत्यावश्यक सेवेत, कारण पंपाच्या खोलीची किल्ली कुठे असते ते फक्त आईला ठाऊक होतं. आईने ऑक्सिजनच्या मास्कआडून, हाताच्या खुणांनी किल्ली कुठेय ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा हजर. किल्ली भलत्याच कुलपाची निघाली होती.

स्वतःचं नाव निनादने तळाला ठेवलं होतं. घरचाच माणूस, कधीही बोलेल.

"खोक्याचं काय केलंस शेवटी?" ताईने विचारलं.

"सोपं होतं. जो थांबलाय त्याचा मान थोडा थोडा वाढवत न्यायचा. फार वेळ थांबला की तो आपोआप वर येतो."

"मग हेच घरी का नाही केलंस?"

निनादने मटारच्या पिशवीवरचं पाणी शर्टाच्या बाहीने पुसलं. ते लगेच पुन्हा जमलं.

"निनाद, तू घाबरतोयस तिच्याशी बोलायला?"

"नाही गं."

"मग?"

"रांगेत एखादं काम शिल्लक असलं ना ताई, की यंत्र स्वतःहून बंद होत नाही. थांबून राहतं." तो हसला. "म्हटलं, माझं असू दे शिल्लक."

गाडीतले वायपर थांबले. ताईने काही कारण नसताना नाक ओढलं, मग डॉक्टरच्या आवाजात म्हणाली, "सकाळचे रिपोर्ट मी पाहिलेत."

"मग?"

"मी मावशीला फोन केलाय, ती स्तोत्र घरून म्हणतेय. मधूकाकांना सांगितलंय, कुलूप तोडा. आज रांगेत तू एकटा आहेस."

"ताई, उद्या..."

"आज बोल रे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

डेमियनची मीटिंग सुरू होणार होती. निनादने ती नाकारली. कॉलर असलेला शर्ट घातला, तो काढला, कॉलेजातला जुना टी-शर्ट घातला. पुण्यात दुपार झाली, इथे उन्हं कलली, तेव्हा त्याने नंबर लावला.

पडद्यावर आधी वॉर्डाचं छत आलं, मग मीनाक्षी सिस्टरांचा निळा गाऊन, मग आई. मास्कच्या पट्ट्यांनी गालांवर वळ उमटले होते. केस कुणीतरी विंचरून घट्ट वेणी घातली होती, शाळेतल्या मुलीसारखी.

"बोला दादा," सिस्टर म्हणाल्या. "त्यांना ऐकू येतंय सगळं. फक्त बोलू देऊ नका."

इतक्या दिवसांत काय बोलायचं ते त्याने ठरवलंच नव्हतं. सीमा बंद आहेत, मला येता येत नाही, हे ती जाणून होती. बरी होशील, हे सगळ्यांनी म्हणून झालं होतं. लवकर संपणार नाही असं काहीतरी विचारायला हवं होतं. उत्तर द्यायला तिला काही दिवस लागले पाहिजेत.

"आई, गोडा मसाला कसा करायचा गं? अगदी सगळा, पहिल्यापासून."

आईच्या भुवया वर गेल्या. मास्कआड ती बहुतेक हसली.

"आत्ता नको सांगूस," तो घाईने म्हणाला. "सावकाश सांग. रोज थोडं थोडं. आज फक्त दगडफूल किती घालायचं तेवढं सांग. बाकीचं उद्या."

आईने चादरीवरचा हात उचलला. त्याला सुई लावलेली होती. तिने बोटं मिटली.

"मूठभर म्हणतायत," सिस्टर म्हणाल्या.

निनादने मान हलवली. खोकं पंखा घरघरवत होतं. बोलणं लांबवायला निनादला एवढंच सुचलं.

"कुणाच्या मुठीने, आई? तुझी मूठ केवढीशी!"

आईने मिटलेल्या हातातलं एक बोट सोडवलं आणि फोनकडे केलं.

"तुमच्या म्हणतायत," सिस्टर म्हणाल्या.