बावन्न किलोंची वहिनी

मागच्या वर्षी चिमीचा पाय मुरगळला तो माझ्यामुळे. हे घरात कुणी बोलत नाही, चिमी तर नाहीच नाही, आणि म्हणूनच ते माझ्या पोटात दगडासारखं बसलं होतं.

चिमी माझी धाकटी नणंद. लहानपणी चिमणीएवढी होती म्हणून चिमी. आता भरलेला सिलिंडर खांद्यावर टाकून जिना चढते, तरी नाव तेच. तिला अग्निशमन दलात जायचंय. भरतीच्या चाचणीत आठशे मीटर धावायचं आणि लगेच, श्वास घेण्याइतकीही उसंत न मिळता, माणसाएवढा पन्नास किलोंचा पुतळा खांद्यावर घेऊन दोन मजले उतरायचे. एकदा मैदानात पाऊल टाकलं की बूट बदलता येत नाहीत. गेल्या वर्षीचे बूट मी निवडले होते. गुडघ्यांना धक्का बसू नये म्हणून चांगले जाड, गादीसारखे मऊ. धावली वाऱ्यासारखी. पण पुतळा घेऊन तिसऱ्याच पायरीवर टाच त्या गादीत कलंडली. पाय मुरगळला, पुतळा पडला, संपलं. आता वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची संधी.

म्हणून या खेपेला मी महिनाभर वाचून चार पानं टिपणं काढली. दीड वर्षाच्या लेकीला कडेवर घेतलं आणि आम्ही दोघी संध्याकाळी मुद्दामच निघालो, कारण दिवसभर वावरल्यावर पाय थोडे फुगतात आणि खरं माप तेव्हाच कळतं.

"वहिनी, आपण बूट घ्यायला चाललोय की प्रबंध सादर करायला?" चिमी म्हणाली.

दुकान अरुंद, खोकी छतापर्यंत. मागच्या बाजूला पोटमाळ्यावर जाणारा लाकडी जिना. मालकीणबाईंनी चष्मा नाकावर आणला आणि आधी जुने बूट मागितले. चिमीने पिशवीतून गेल्या वर्षीचे काढले. बाईंनी ते गल्ल्यावर ठेवून मागून पाहिले. दोन्ही टाचा एकमेकींच्या कानात काही सांगायला झुकल्यासारख्या आत वळलेल्या.

"हे कुणी निवडले?"

मी तोंड उघडणार तोच चिमीने माझ्या पायावर पाय दिला. "मीच."

"बूट वाईट नाहीत हो. लांब धावणाऱ्याला उत्तम. पण पाठीवर पोतं घेऊन कुणी गादीवर उभं राहतं का?"

मग बाई कामाला लागल्या आणि माझी चार पानं हळूच पर्समध्ये गेली. त्या प्रत्येक बुटाच्या टाचेत अंगठा रुतवून बघत. मागची भिंत चिमटीत दाबत. ती दबली की बूट बाजूला. मग पुढून वाकवत. "वाकावा तो बोटांपाशी. मधोमध वाकला की समजा, ऐन वेळी दगा देणार." पुढे बोटं पसरायला जागा हवी, असं सांगून त्यांनी चिमीला बुटांत बोटं हलवायला लावली. वजन उचलणाऱ्यांचे एकदम कडक, सपाट बूटही घालून पाहिले. चिमी ते घालून गल्लीच्या टोकापर्यंत धावून आली.

"तळपायाला फळी बांधून पळतेय असं वाटलं."

शेवटी दोन जोड उरले. निळा, जो माझ्या टिपणांत पहिल्या नंबरावर होता, आणि एक साधा राखाडी, ज्याचं मी नावही वाचलं नव्हतं. धावताना दोन्ही छान.

"धावायचं कळलं," मी म्हणाले. "ओझ्याचं कसं कळणार? दुकानात पुतळा कुठून आणायचा?"

चिमी माझ्याकडे वळून बघायला लागली. मला ती नजर आवडली नाही.

"वहिनी, तुझं वजन किती?"

"असं चारचौघांत विचारतात का?"

"सांग ना गं."

"बावन्न."

"दोन किलो जास्तच. चालेल."

लेक बाईंच्या मांडीवर गेली. मी पडले तर, चिमीची कंबर भरली तर, पोरगी घाबरली तर, असं मनात म्हणेपर्यंत दुकान उलटं झालं. मी चिमीच्या खांद्यावर, डोकं खाली. नऊ पायऱ्या वर, मग खाली. लेक टाळ्या वाजवत होती. आणि मला दिसत होत्या फक्त चिमीच्या टाचा. सारखी नजर ठेवणाऱ्या वहिनीला याहून चांगली जागा कुठली!

चौथ्या पायरीवर निळ्या बुटाची कड किंचित आत दबली.

"थांब! उतरव मला. कलंडतेय."

"मला नाही जाणवलं."

"मला दिसलं."

तिने लगेच बूट काढले. धावायला, उचलायला, पडून पुन्हा उभं राहायला जिला कधी शिकवावं लागलं नाही, ती मुलगी माझ्या डोळ्यांवर विसंबली.

राखाडी बुटांत नऊच्या नऊ पायऱ्या टाच सरळ. "पुन्हा," मी म्हणाले. मग आणखी एकदा. तिसऱ्या खेपेनंतर बाई म्हणाल्या, "आता पुरे हो, माझ्या जिन्याचीही परीक्षा झाली."

परतताना मी विचारलं, "बाईंना 'मीच' असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? पाय माझा, तोल माझा. आणि माझ्या गुडघ्यांची काळजी तुझ्याशिवाय घरात कुणी केली होती?"

दगड निम्मा तिथेच विरघळला. उरलेला चाचणीच्या दिवशी.

त्या दिवशी मी लेकीला घेऊन कुंपणाच्या जाळीला चिकटून उभी होते. धावण्यात चिमी चौथी आली. मग पुतळा खांद्यावर. बाकीचे लोक उमेदवारांचे चेहरे बघत होते, मी टाचा. सव्वीस पायऱ्या मोजल्या. एकदाही कलंडली नाही. खाली आल्यावर इतरांनी पुतळा धपकन टाकला. चिमीने गुडघा टेकून, मानेखाली हात देऊन, झोपलेल्या पोराला ठेवावं तसा ठेवला. ते कुणी तिला सांगितलं नव्हतं, त्याला गुणही नव्हते.

नाव पुकारलं गेलं. "पात्र." तिने जाळीपाशी मला शोधलं आणि तिथूनच ओरडली, "वहिनी, तुझ्यापेक्षा दोन किलो हलकाच होता गं!"

सगळ्या मैदानाला माझं वजन कळलं. कळू दे.