सोमवारची सुनावणी

केंद्रप्रमुख दीपमालाताई पिशोरजवळच्या वस्तीशाळेवर नोटीस घेऊन आल्या, तेव्हा मुख्याध्यापक बद्रीनाथ सर चार इयत्ता एकाच ओसरीत घेऊन एकटेच कविता शिकवत होते. दुसरे गुरुजी मतदारयादीच्या कामावर होते. पाच दिवसांचं सक्तीचं प्रशिक्षण सरांनी दुसऱ्यांदा चुकवलं होतं.

"गेला का नाहीत, सर?"

"गेलो असतो की मॅडम. पोरं काय तुमच्या पर्समधी ठिवू?"

ताईंना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. पाच दिवस मी बसते इथं, असं ओठांवर आलं होतं. पण प्रशिक्षणाची हजेरी घ्यायला त्यांचीच नेमणूक होती. त्यांनी नोटीस पुढं केली.

सरांनी वाचली. सोमवारी अकराला संभाजीनगरला शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात समक्ष हजर राहा, नाहीतर निलंबन.

"म्हंजे शाळा बंद ठिवून सांगायचं, की शाळा बंद पडू नये म्हणून आलो नाय."

"मी बोलले साहेबांशी. म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा."

"व्हय, बराबर हाय त्यांचं," म्हणत सरांनी सही केली.

दुसरीतल्या जोहरानं पाटीवरून मान वर केली. "सर, सोमवारी शाळा हाय का?"

सरांनी ताईंकडं पाहिलं. ताईंनी पाहिलं नाही. मग अर्धी राहिलेली कविता सरांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणायला घेतली.