लाल ठिपक्यापर्यंत

"ठिपक्याच्या पुढे ती कधीच गेली नाही हो," नर्सबाई म्हणाल्या आणि त्यांनी हेडफोन काउंटरवर ठेवला. "मीच बजावलं होतं तिला. काकांनी लाल ठिपका लावलाय, चकती त्याच्या वर न्यायची नाही. शहाणी पोर माझी, अगदी ठिपक्यावर ठेवून ऐकायची. अभ्यास करताना, अंथरुणात पडल्या पडल्या. आता म्हणते, कानात सारखी शिट्टी वाजते."

आमच्या ह्यांनी हेडफोन उचलून उजेडात धरला. वायरवरच्या, आवाज कमी-जास्त करायच्या छोट्या चकतीवर माझ्या नेलपॉलिशचा ठिपका होता.

"डॉक्टर काय म्हणाले?" मीच विचारलं.

"वेळीच आलात म्हणाले. महिनाभर कानाला काही लावायचं नाही, बहुतेक जाईल. पण त्यांनी यंत्रावर आवाज मोजला. ठिपका फारच वर लागलाय." बाई भांडायला आल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. "काका, तुमच्या हातून असं कसं झालं?"

हे त्यांच्या ओठांकडे पाहत होते आणि मी माझ्या पायांकडे.

आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रेडिओ, टेप, स्पीकर, हेडफोन, जे बोलायचं थांबतं ते इथे येतं. दुपारी उन्हाची तिरीप फळ्यांवरून सरकत जाते, काचांमागचे पिवळे दिवे लागलेले असतात आणि दुरुस्त झालेले दोन-तीन संच हळू आवाजात आपापसांत कुजबुजत राहतात. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, आपण पाण्याखाली राहायला आलोय. वाईट नाही, छानच वाटायचं.

हे मात्र कामात कडक. अर्थिंगची तिसरी पिन कापलेला अॅम्प्लिफायर कोणी आणला, तर नवा प्लग बसवल्याशिवाय परत देत नाहीत. डब्यातला सूचनांचा कागद लोक आधी फेकतात. हे तो शेवटपर्यंत वाचतात, वर गिऱ्हाइकाला उभं करून वाचून दाखवतात. आवाज फार मोठा ठेवू नका, असं त्या कागदात असतं, पण फार म्हणजे किती, याची खूण चकतीवर नसते. ती खूण ह्यांनी सुरू केली. नेलपॉलिश माझं. माझ्या नखांना लागलं नसेल एवढं लोकांच्या चकत्यांना लागलंय. पोरं ह्यांना ठिपकेकाका म्हणतात.

रीतही ह्यांचीच. हेडफोन स्वतःच्या कानावर, गाणं चालू. मी समोर, हातभर अंतरावर. हे चकती कणाकणाने वर नेणार आणि मी नेहमीच्या आवाजात विचारणार, "चहा ठेवू का?" ऐकू आलं की मान डोलवायची. जिथे मान डोलत नाही, त्याच्या जरा अलीकडे ठिपका. समोरच्याचं बोलणं ऐकू येईना म्हणजे आवाज कानाला जास्त, इतकं साधं.

तीस वर्षांत मी दुसरं वाक्य कधी वापरलं नाही.

एकदा संध्याकाळी पायरीवर बसून हे म्हणाले, "आपली गल्ली किती निवांत झाली गं." मला तर नळाची टपटप ऐकू येत होती, समोरच्या घरातली भांडी ऐकू येत होती. मग काही महिन्यांनी म्हणाले, चिमण्या यायच्या बंद झाल्या. चिमण्या खिडकीतच होत्या. पण ह्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान असायचं, की मला तोंड उघडवेना. सारं जग हळूहळू पायात मऊ सपाता घालून वावरायला लागलंय, असं ज्याला वाटतंय, त्याला हलवून जागं कसं करायचं?

एक दिवस फळी पुसता पुसता मी पाठमोरीच विचारलं, "चहा ठेवू का?" उत्तर नाही. वळून विचारलं, तर लगेच मान डोलली. तेव्हा कळलं. हे माझं वाक्य ऐकत नव्हते, बघत होते. त्यांना स्वतःला तरी हे ठाऊक होतं की नाही, देव जाणे. मी गप्प बसले. टेबलाशी बसले की माझा आवाज आपोआप चढू लागला. वाटलं, मी ह्यांना सांभाळून घेतेय. सांभाळलं ह्यांना, आणि शिट्टी वाजली दुसऱ्याच्या पोरीच्या कानात.

"चूक माझी आहे," हे नर्सबाईंना म्हणाले. "हेडफोन ठेवून जा."

बाई गेल्यावर हे भिंतीवरच्या घड्याळाखाली जाऊन उभे राहिले. लंबक हलत होता. बराच वेळ तो हलताना पाहिला. मग खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि बसले.

"मागून काहीतरी बोल. चहाचं सोडून."

मी म्हटलं, "अहो, मला माफ करा."

पाठ हलली नाही.

"बोललीस?"

"हो," मी म्हटलं. मग लक्षात आलं आणि मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली, ह्यांच्याच वळणदार अक्षरात. 'येथे लावलेले लाल ठिपके चुकीचे असू शकतात. हेडफोन, स्पीकर तपासायला आणा. तोवर आवाज अगदी कमी ठेवा.'

"एवढं उघड कशाला?" मी म्हटलं. "एकेकाला हळूच सांगू की."

"हळूच सांगितलेलं मला ऐकू येत नाही," हे म्हणाले आणि स्वतःच हसले. मला काही हसू आलं नाही. इतक्या वर्षांचं नाव पाटीवर टांगलं होतं या माणसाने.

ह्यांचे कान दाखवायला नर्सबाईंनी त्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिली. लोक येत राहिले. कोणी रागावून आले, बरेचसे नुसतेच आले. दुपारपर्यंत टेबलावर रांग लागली. ह्यांनी कापसाने एकेक ठिपका पुसायला घेतला. कापूस लाल होत गेला. सगळे पुसून झाल्यावर त्या मुलीचा हेडफोन उचलून त्यांनी माझ्या पुढे धरला.

"आता तू कानाला लाव. मी बोलतो. ऐकू आलं तर हात वर कर. दर वेळी वेगळं बोलेन, म्हणजे सवय फसवणार नाही."

हेडफोन चढवला. संथ गाणं होतं, बाईच्या आवाजातलं. ऊन फळ्यांवर आलं होतं, पिवळे दिवे लागलेले होते, आणि मला पुन्हा ते पाण्याखालचं घर आठवलं. हे चकती फिरवू लागले.

"उंबऱ्याजवळची फरशी हलतेय." मी हात वर केला.

चकती कणभर वर गेली. "तुझ्या भावाचा फोन आला होता का?" हात वर.

आणखी कणभर. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला कधीपासून माहीत होतं?"

स्वच्छ ऐकू आलं. हात मांडीवरच राहू दिला असता, तर ठिपका थोडा खाली पडला असता. कोणाचंच काही बिघडलं नसतं. मी हात वर केला. मग तीन बोटं दाखवली.

"महिने?"

मी नाही म्हणून मान हलवली. ह्यांनी वही ओढून तीन वर्षांपूर्वीपासूनची गिऱ्हाइकं शोधायची म्हणून टिपून ठेवलं आणि पेन्सिल कानामागे खोचली. रागावले असते तर बरं झालं असतं. माझे डोळे भरून आले होते, ते त्यांना दिसत होते.

पुन्हा चकतीला हात. गाणं आता चहूबाजूंनी आलं. ह्यांचे ओठ हलले, आवाज मात्र पोचला नाही. पण ते वाक्य मला नुसतं बघून कळलं. तीस वर्षं मीच बोलत होते ते. हात उचलायची इतकी ओढ लागली, की मी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. मान डोलवणं किती सोपं असतं, ते तेव्हा समजलं.

ह्यांनी चकती जराशी मागे घेतली, ब्रश बुडवला आणि खाली वाकून ठिपका लावला.

मी हेडफोन काढला. "ठेवा चहा," मी म्हटलं.

ते ठिपक्यावर फुंकर घालत होते, वर पाहिलं नाही. मी उठले, टेबलाला वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि पुन्हा म्हटलं.